प्लाझ्मादान आणि प्लेटलेटदान: यंत्र एक, दाने दोन

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की रक्तदात्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. गोंधळ स्वाभाविक आहे, कारण दोन्ही दाने अ‍ॅफेरेसिस यंत्रावर होऊ शकतात: कोपराजवळच्या शिरेतून घेतलेले रक्त यंत्रात वेगाने फिरवून त्याचे घटक वेगळे केले जातात, हवा तो घटक पिशवीत जमा होतो आणि उरलेले रक्त दात्याच्या शरीरात परत सोडले जाते. यंत्राने काय ठेवून घेतले, एवढाच मूळ फरक. बाकीचे त्यातूनच निघतात.

प्लाझ्मा म्हणजे रक्तातील पिवळसर द्रव. रक्ताचा निम्म्याहून अधिक भाग त्याचाच असतो आणि त्यात बहुतांश पाणी, शिवाय अल्ब्युमिन, प्रतिपिंडे व रक्त गोठवणारी प्रथिने असतात. तो गोठवून वर्षभर ठेवता येतो. प्लेटलेट्स मात्र रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी आहेत. २० ते २४ अंश तापमानात सतत हलवत ठेवूनही त्या साधारण पाच दिवसच टिकतात, त्यामुळे त्यांच्यासाठीची हाक नेहमी तातडीची असते.

प्लेटलेट देणाऱ्याच्या रक्तात त्यांची संख्या किमान दीड लाख असावी लागते आणि मागील तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेले चालत नाही, कारण त्या गोळीने प्लेटलेट्स निकामी होतात. प्लाझ्मासाठी प्रथिनांचे प्रमाण पाहिले जाते. रक्तगटाचा हिशेबही येथे उलटा आहे: लाल पेशींच्या बाबतीत ‘ओ’ निगेटिव्ह दाता सर्वांना चालतो, तर प्लाझ्माच्या बाबतीत तो मान ‘एबी’ गटाकडे जातो.

खुर्चीवरचा अनुभव बराचसा सारखाच. प्लाझ्माला पाऊण ते एक तास, प्लेटलेट्सना अनेकदा दीड तासापर्यंत वेळ लागतो. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून मिसळलेले सायट्रेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून ओठांभोवती व बोटांत मुंग्या येऊ शकतात. हे लपवू नये. तंत्रज्ञ यंत्राचा वेग कमी करतो किंवा कॅल्शियमची गोळी देतो. परत येणारे रक्त किंचित गार असल्याने थोडी थंडीही वाजते. जेवून आणि भरपूर पाणी पिऊन जावे; श्रावणातला उपवास असेल, तर दुसरा दिवस निवडावा.

आपल्याकडे यंत्रावर दाते बोलावले जातात ते मुख्यतः प्लेटलेट्ससाठी, कारण प्लाझ्मा शिबिरांतील साध्या रक्तदानातूनच वेगळा काढला जातो. प्लेटलेट्सही तशा मिळतात, पण यंत्रावरील एका दात्याची पिशवी तशा पाच-सहा पिशव्यांची भरपाई करते. २०२० साली कोरोनातून बरे झालेल्यांच्या प्लाझ्माला अचानक मागणी आली. मात्र आयसीएमआरच्या ४६४ रुग्णांवरील चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही आणि मे २०२१ मध्ये तो उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला.

डेंग्यूत आणखी एक गुंता होतो. गंभीर डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपतो, असे डॉक्टर सांगतात आणि नातेवाईक प्लाझ्मादाता शोधू लागतात; वास्तविक त्यावरचा मुख्य उपचार म्हणजे मोजून दिलेले सलाईन. म्हणून असा निरोप आल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या मागणीपत्रावर नेमका कोणता घटक लिहिला आहे, ते विचारून घ्यावे.