रस्त्याकडेच्या पिशव्या आणि उचललेले कोंडाळे : कोल्हापूरच्या कचऱ्याची पार्श्वभूमी

रविवारी स्वच्छता मोहीम, सोमवारी परत त्याच कोपऱ्यावर पिशव्या, आणि मग ग्रुपवर "लोकांनाच शिस्त नाही" म्हणून विषय बंद. शिस्त नाही हे खरंच आहे, पण पिशव्या ठराविक जागीच का पडतात हे बघायचं तर जरा मागं जायला लागतं. फार मागं नको. नगरपालिका १८५४ ची, महापालिका १९७२ ची, आणि तोवरचा कचरा म्हणजे मुख्यतः राख, शेण, पालापाचोळा, उष्टं-खरकटं. रस्त्याकडेला पडला तरी पावसाळ्यात माती होऊन जायचा, त्यामुळं तो कुणाला दिसत नव्हता.

खरं वळण १९९४ चं. सुरतेत प्लेग आला, देश हादरला, १९९६ ला सुप्रीम कोर्टात याचिका गेली आणि त्यातनं २००० चे घनकचरा नियम आले. घरोघरी जाऊन कचरा गोळा करा, उघड्यावर साठू देऊ नका, रस्त्यावर टाकायला बंदी, हे सगळं तेव्हाच कागदावर आलंय, म्हणजे घंटागाडी काय स्वच्छ भारतनं आणलेली नाही. फक्त कागदावरनं गल्लीत यायला पंधरा-वीस वर्षं लागली आणि तोवर आपला सगळा कारभार कोंडाळ्यावर, म्हणजे गल्लीच्या तोंडाला ठेवलेल्या सार्वजनिक कचरापेटीवर चालला.

आता या कोंडाळ्यावर जरा थांबतो, कारण भांडण इथंच आहे. लोखंडी कंटेनर, तळ गंजलेला, खालनं काळं पाणी गळतंय, आत निम्मा भरलेला आणि बाहेर तेवढाच ढीग, कारण जवळ जाऊन टाकायला नाक धरायला लागायचं म्हणून लोक चार फुटांवरनंच भिरकावायचे. गायी, कुत्री, कधी कुणीतरी काडी लावलेली. कंटेनर उचलून नेणारा डंपर प्लेसर वेळेवर आला तर नशीब. आणि कोंडाळा ठेवायचा कुणाच्या दारात यावर प्रत्येक पेठेत वाद, रात्रीत ढकलून शेजारच्या गल्लीच्या तोंडाला नेऊन ठेवलेले कोंडाळे जुन्या लोकांना आठवत असतीलच.

मग २०१४ ला स्वच्छ भारत, २०१६ ला नवीन घनकचरा नियम आणि त्याच वर्षापासून शहरांचं स्वच्छता सर्वेक्षण, २०१८ पासून कचरामुक्त शहराचं स्टार रेटिंग. रस्त्यावर कोंडाळा दिसणं म्हणजे शहर नापास, असं ते गणित झालं. टिप्पर, म्हणजे दारोदारी कचरा घेणाऱ्या गाड्या आल्या, "ओला वेगळा, सुका वेगळा" चं रेकॉर्ड वाजायला लागलं आणि कोंडाळे एकेक करून उचलले गेले. त्या जागी रांगोळी, कुंड्या, "येथे कचरा टाकू नये"चा बोर्ड, आणि बऱ्याच ठिकाणी त्या बोर्डाच्याच पायथ्याला पिशव्या.

निर्णय चुकला का? उचलायच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं असं की कोंडाळा असला की माणूस कचरा वेगळा करतच नाही, सगळं एका पिशवीत बांधून टाकून मोकळा होतो, आणि हे शंभर टक्के खरं आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, टिप्पर येतो आठ-नऊला, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला पहिल्या शिफ्टला जाणारा त्याच्या आधी घर सोडतो, भाड्यानं राहणाऱ्या पोरांच्या खोलीला कुलूप असतं, भाजीवाल्याचा कचरा रात्री तयार होतो, मग यांनी काय करायचं? पिशवी दुचाकीच्या हुकाला अडकवायची आणि जिथं घरं संपतात तिथं गाडी न थांबवताच सोडायची. माझं मत विचाराल तर कोंडाळे काढणं बरोबरच होतं, पण टिप्परची वेळ न बदलता काढले हे चुकलं, आणि ते अजून कुणी नीट मान्य करत नाही.

पिशवीचीपण स्वतःची एक कथा आहे. २००५ ला मुंबई तुंबली, गटारात पिशव्या सापडल्या, म्हणून २००६ ला राज्यानं पिशवीला किमान ५० मायक्रॉन जाडीची अट घातली. मार्च २०१८ ला थेट प्लास्टिकबंदी, जूनपासून अंमल, पहिल्यांदा सापडला तर ५,००० रुपये दंड. पहिले काही दिवस कापडी पिशव्या घेऊन सगळे मंडईत, मग किराणाच्या पॅकिंगला सूट मिळाली, दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत मिळणार होते ते तर कुणी बघितलेच नाहीत. देशपातळीवर पुढं ७५ आणि नंतर १२० मायक्रॉन झालं. हातगाडीवर मायक्रॉन मोजतंय कोण, तुम्हीच सांगा. त्याच २०१६ च्या नियमात फेरीवाल्यानं स्वतःचा डबा ठेवायचा असं स्पष्ट लिहिलं होतं, रंकाळ्यावर संध्याकाळी एक चक्कर मारून किती गाड्यांजवळ डबा दिसतो बघा.

आणि हद्द. महापालिका झाली त्या १९७२ पासून शहराची हद्द तेवढीच राहिली, गावं मात्र शहराला चिकटली. पाचगाव, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी इथं अपार्टमेंट शहरासारखी आणि कचऱ्याची यंत्रणा ग्रामपंचायतीची. २०१६ ला हद्दवाढीवरनं, म्हणजे ही गावं शहरात घ्यायची का नाही यावर दोन्हीकडनं आंदोलनं झाली, शेवटी २०१७ ला तोडगा म्हणून ४२ गावांचं विकास प्राधिकरण. पण रोज सकाळी दारात येऊन कचरा उठाव करणं हे त्याचं काम नव्हे. म्हणून रिंगरोडच्या कडेची पिशवी शहरातली की गावातली यावर वाद घालत दोन्ही यंत्रणा बसतात, पिशवी तिथंच. शहरात गेलो तर घरफाळा वाढेल हा गाववाल्यांचा राग मला समजतो, पण कचरा शहरात येऊन टाकायचा आणि हद्दवाढ नको म्हणायचं, हे काय पटत नाही राव.

२०१९ हे वर्ष मात्र वेगळं. दर रविवारची मोहीम तेव्हाची, अधिकारीच हातात फावडं घेऊन जयंती नाल्याच्या काठावर, त्यामुळं तालमीची पोरं, कॉलेजचं पब्लिक सगळे आले. ऑगस्टमध्ये महापूर आला, पाणी उतरल्यावर शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या रस्त्यांवर गाद्या, कपाटं, भिजलेला माल यांचे ढीग, आणि ते उचलायला बाहेरगावाहूनपण माणसं आली. एवढी माणसं कचऱ्यासाठी रस्त्यावर उतरलेली मी तरी त्याआधी बघितली नव्हती. पुढं कोविड आला आणि ते सगळं थंड झालं.

नोव्हेंबर २०२० ला महापालिकेतल्या नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर पाच वर्षं प्रशासक. याचा कचऱ्याशी काय संबंध म्हणाल तर बराच आहे, आधी टिप्पर दोन दिवस आला नाही की लोक नगरसेवकाला फोन करायचे, तो मुकादमाला झापायचा, दुपारपर्यंत गाडी दारात. ती साखळी तुटली आणि तक्रार ॲपवर गेली, तिथं फोटो टाका आणि वाट बघा. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला जागेवर दंड करायचा अधिकार पालिकेला आहेच, दीडशेच्या आसपास. पण हुकाची पिशवी चालत्या गाडीवरनं सुटते, पावती फाडायला तिथं कुणी नसतं, म्हणून आता जो तो सीसीटीव्ही मागतोय. फुलेवाडी रिंगरोडला कॅमेऱ्याच्या आधी सकाळी सहाला एक टिप्पर उभा करून महिनाभर बघा म्हणावं, खर्चपण कमी येईल.