नियतकालिकाच्या नावाचे लेखनरूप (ऑनलाइन विश्वकोश)

एखाद्या मासिकाचे वा साप्ताहिकाचे नाव ऑनलाइन विश्वकोशात कसे लिहावे, हे ठरवण्याची संपादकीय पद्धत. मुखपृष्ठावर छापलेले रूप जसेच्या तसे घ्यावे की नाव इतर विशेषनामांसारखे लिहावे, हा त्यातला मुख्य प्रश्न. रोमन लिपीत मोठी व छोटी अशी दोन प्रकारची अक्षरे असल्याने बहुतेक वाद तिथेच होतात.

१९२३ साली साप्ताहिक म्हणून सुरू झालेले अमेरिकेतील ‘टाइम’ मुखपृष्ठावरच नव्हे, तर स्वतःच्या मजकुरातही आपले नाव सगळ्या मोठ्या अक्षरांत लिहिते. इंग्रजी विकिपीडिया मात्र त्याचे फक्त पहिले अक्षर मोठे ठेवतो, कारण तो साधा शब्द आहे. ‘जीक्यू’ची दोन्ही अक्षरे मोठीच राहतात; ती ‘जंटलमन्स क्वार्टर्ली’ची आद्याक्षरे असून सुटी उच्चारली जातात. संपादकाने नवे रूप घडवायचे नसते. तिऱ्हाईत, विश्वसनीय स्रोतांत रूढ असलेल्या रूपांपैकी नेहमीच्या इंग्रजी लेखनाला सर्वांत जवळचे रूप निवडायचे, असा तिथला संकेत आहे आणि तो रास्तच आहे. मुखपृष्ठावरील अक्षररचना नजर वेधून घेण्यासाठी केलेली असते. तीच सलग परिच्छेदात वापरली, तर वाचकाचा डोळा पुन्हा पुन्हा त्याच नावावर अडतो आणि विश्वकोशाच्या हातून नकळत त्या प्रकाशनाची जाहिरात होते. ते रूप लेखाच्या सुरुवातीला एकदा नोंदवले की पुरते.

टेरी जोन्स यांनी १९८० मध्ये सुरू केलेले ब्रिटिश नियतकालिक ‘आय-डी’ हा खरा कसोटीचा नमुना. त्याच्या नावात ‘आय’ छोटा आणि ‘डी’ मोठा आहे. ही अक्षरे आडवी करून पाहिली की डोळा मिचकावणारा हसरा चेहरा दिसतो. इतर लेखकही नाव तसेच लिहितात, म्हणून इथे छोटे अक्षर टिकते. अडचण तांत्रिक आहे: विकिपीडियाची प्रणाली पानाच्या शीर्षकाचे पहिले अक्षर आपोआप मोठे करते. दिसणारे शीर्षक बदलण्यासाठी पानात वेगळी सूचना घालावी लागते.

नावाची हद्दही ठरवावी लागते. ‘द न्यू यॉर्कर’मधील ‘द’ नावातच मोडतो. ‘टाइम (नियतकालिक)’ या शीर्षकातील कंस मात्र काळ या संकल्पनेवरील लेखापासून वेगळेपण दाखवण्यापुरता असतो. त्यामुळे नियतकालिकांच्या नावांसाठी वापरला जाणारा तिरपा ठसा (इटॅलिक) फक्त नावाला देतात, कंसाला नाही. ‘हार्पर्स बझार’च्या इंग्रजी नावातील शेवटच्या शब्दात १९२९ पर्यंत एक ‘ए’ कमी होता. जुन्या अंकाचा हवाला देताना त्या काळचे लेखन राखणेच योग्य.

देवनागरीत मोठ्या-छोट्या अक्षरांचा भेद नाही. तिथे प्रश्न उरतो तो ‘टाइम’ की ‘टाईम’ असा ऱ्हस्व-दीर्घाचा, आणि तिरप्या ठशाऐवजी एकेरी अवतरणचिन्हे वापरण्याचा. एक रूप शीर्षकासाठी निश्चित करून उरलेल्या रूपांची पुनर्निर्देशने केली जातात. म्हणजे वाचकाने कोणतेही रूप टंकले तरी तो त्याच लेखावर पोहोचतो.