आत्याच्या डोळ्यातली तांब्याची तार

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, होऊन गेली त्या आठवड्यातली गोष्ट. इंदूरच्या रामबागेत राहणारी आमची आत्या चष्म्याचा नंबर काढायला गेली होती. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला आणि विचारलं, "काकू, बीपीच्या गोळ्या मध्येच सोडता का?" आत्या गप्प. अठरा वर्षं बीपी आहे. बरं वाटलं की गोळी बंद, हे तिने घरातही कोणाला सांगितलं नव्हतं.

कातडी न कापता, थेट रक्तवाहिन्या पाहता येतील अशी जागा शरीरात जवळपास एकच : डोळ्याचा पडदा. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने पडदा पाहण्याचं उपकरण जगापुढे आणलं आणि थोड्याच वर्षांत डॉक्टरांना तिथे इतर आजारांच्या खुणा सापडू लागल्या.

नर्मदेच्या पाइपलाइनवर शहर जगतं हे इंदूरकराला सांगायला नको. पाइपात सतत जादा दाब राहिला तर काय होईल? लोखंड फुटेल. धमनी मात्र जिवंत असते. ती आधी आवळून घेते, म्हणजे पुढच्या नाजूक केशवाहिन्यांवर दाब जाऊ नये. निरोगी पडद्यावर धमनीची रुंदी शेजारच्या शिरेच्या साधारण दोन-तृतीयांश असते. बीपीत ती आणखी बारीक होते. वर्षानुवर्षं हेच चाललं की भिंत जाड आणि कडक होते. एरवी ही भिंत पारदर्शक असते, आपल्याला दिसते ती आतली रक्ताची धार. भिंत जाडावली की तिच्यावरून उजेड वेगळा परततो आणि धमनी तांब्याच्या तारेसारखी चमकते. आणखी जाडावली की चांदीच्या. नेत्रतज्ज्ञ हेच शब्द वापरतात. सराफ्यात चांदी तांब्याहून वरची, इथे चांदी म्हणजे आजार पुढे गेलेला.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती धमनी आणि शीर एकमेकींना ओलांडतात ती जागा. तिथे दोघींचं बाहेरचं वेष्टन एकच असतं. कडक झालेली धमनी वरून दाबते आणि खालची मऊ शीर चिमटल्यासारखी दिसते. लंडनचे नेत्रतज्ज्ञ मार्कस गन यांनी १८९०च्या दशकात हे नोंदवलं. पडद्याच्या शिरेत गुठळी होऊन नजर अचानक अंधुक होते, तेव्हा ती गुठळी बहुतेक वेळा अशाच एखाद्या ओलांडणीवर सापडते.

आत्याच्या फोटोत तांब्याची तार आणि चिमटलेली शीर होतीच, शिवाय एक पांढुरका, कापसाच्या बोळ्यासारखा डागही होता. तिथल्या बारीक वाहिनीचं रक्त अडलं, मज्जातंतूंमधली वाहतूक तुंबली, म्हणून तो उमटतो. असा डाग जुना नसतो, काही आठवड्यांत विरतो. डॉक्टरांना गोळ्यांचा संशय आला तो त्याच्यावरून. अशा डागांसोबत ज्योतीच्या आकाराचे रक्तस्रावही दिसू शकतात आणि अगदी शेवटी दृष्टिचेतेचं, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचं, मूळच सुजतं. १९३९ साली कीथ, वॅगनर आणि बार्कर या डॉक्टरांनी या खुणांचे चार गट केले. बीपीवर धड औषधं नव्हती त्या काळी पहिल्या गटातले सुमारे ७० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते, चौथ्यातले सुमारे ६ टक्के.

आता ओसीटी नावाची तपासणी पडद्याचे थर उभे कापल्यासारखे दाखवते. तिच्याच पुढच्या प्रकारात शिरेत रंगद्रव्य न टोचता केशवाहिन्यांचं जाळं दिसतं, आणि बरीच वर्षं बीपी असलेल्यांत ते विरळ झालेलं आढळतं, साध्या फोटोत काहीच नसतानाही. नजर मात्र या सगळ्या काळात छान असू शकते. आत्या सुईत दोरा ओवते! म्हणूनच मला तिच्यासारख्यांची काळजी वाटते.

श्रावणात पुन्हा फोटो काढला. मधल्या काळात गोळी रोज चालू होती, पोह्यांवरची खारी सेवही चिमूटभरावर आली होती. कापसाचा डाग विरला होता. आत्याने फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ही शीर अजून चिमटलेलीच?"

"ती आता तशीच राहील, काकू," डॉक्टर म्हणाले. "पुढची चिमटू नये, एवढं बघू."