टॉमी जॉन यांचे कोपर

कोपराची शस्त्रक्रिया करून घेतली की बेसबॉलच्या पिचरचा, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा, चेंडू पूर्वीपेक्षा वेगाने जातो, हा समज अमेरिकेत इतका रुजला आहे की दुखापत नसलेल्या शाळकरी खेळाडूंनाही ती करून घ्यावीशी वाटते. ही शस्त्रक्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या टॉमी जॉन यांच्या कोपरात नेमके काय घडले, हे पाहिले की त्या समजातील चूक दिसते.

१७ जुलै १९७४ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सकडून खेळताना या डावखुऱ्या पिचरच्या कोपराचा आतील अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, तुटला. दंडाचे हाड आणि करंगळीच्या बाजूचे हाड यांना हा पट्टा बांधून ठेवतो. चेंडू अवघा १४५ ग्रॅमचा असतो. परंतु फेकीच्या एका क्षणी धड आणि खांदा पुढे वळलेले असतात, चेंडू धरलेला पंजा मात्र अजून मागेच असतो, आणि कोपराचा सांधा आतल्या बाजूने उघडू पाहतो. तो मिटलेला ठेवण्यासाठी सुमारे ६४ न्यूटन-मीटर आघूर्ण, म्हणजे वळवणारा जोर, लागतो. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला साडेसहा किलो वजन टांगल्यावर दांड्याच्या मुळाशी जेवढे आघूर्ण येईल, तेवढे हे आहे. मृतदेहांवरील चाचण्यांत हा अस्थिबंध एकटा याच्या साधारण निम्म्या आघूर्णालाच तुटतो. उरलेला भार मनगट वाकवणारे स्नायू पेलतात. ते थकले की सगळा ताण त्या पट्ट्यावर येतो.

डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये जॉन यांच्या उजव्या हातातील एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढली आणि डाव्या कोपराच्या हाडांत छिद्रे पाडून ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओवली. अंगठा व करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवले असता मधोमध जी दोरी उभी राहते, तीच ही कंडरा. काहींना ती जन्मतःच नसते आणि त्यांचे काहीही अडत नाही.

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. उपटलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटतो, तिच्यातील पेशी मरतात आणि कोलाजेन या प्रथिनाच्या तंतूंचा सांगाडा तेवढा उरतो. मग भोवतालच्या ऊतींतून रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी त्यात शिरतात, जुने तंतू हळूहळू काढून टाकतात आणि ताणाच्या दिशेने नवे विणतात. स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा अशा रीतीने हाडाला हाडाशी बांधणारा अस्थिबंध बनू लागते. या काळात ती कमकुवत असते, म्हणूनच घाई चालत नाही.

जोब यांनी यशाची शक्यता शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७५चा संपूर्ण हंगाम बाहेर राहिले, १९७६ मध्ये परतले आणि १९८९ पर्यंत, वयाच्या ४६व्या वर्षापर्यंत, खेळले. त्यांच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

वेग मात्र अस्थिबंध निर्माण करीत नाही. तो पाय, धड आणि खांद्यांतून येतो, आणि परतलेल्या एखाद्या खेळाडूचा वेग वाढला असेल तर त्याचे श्रेय वर्षभराच्या व्यायामाला द्यायला हवे. निरोगी कोपर त्यासाठी कापून घेणे आणि बळ वाढावे म्हणून गळ्यात टायटॅनियमची माळ घालणे, या दोन्हींना सारखाच आधार आहे, म्हणजे काहीच नाही. स्वतः जॉन यांची ख्यातीही वेगासाठी नव्हती; फलंदाजाजवळ येताच खाली बुडणारा चेंडू आणि अचूकता हीच त्यांची अस्त्रे होती, शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतरही.