शेजाऱ्याच्या कुत्र्याचे हाल होताहेत: तक्रार कोणी, कुठे आणि कोणते कागद घेऊन करायची

आमच्या मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक लॅब्रेडॉर बांधलेला असायचा. साखळी ग्रीलच्या वरच्या गजाला अडकवलेली, आणि इतकी आखूड की तो बसला तरी मान ताणलेलीच राहायची. शेजारी अ‍ॅल्युमिनियमचं एक पातेलं. एप्रिलातलं पश्चिमेचं ऊन दुपारी दोननंतर थेट त्याच्या अंगावर यायचं, आणि त्या वेळेला पातेलं कोरडं असायचं. दीड महिना मी घरातल्या घरात चडफडले आणि मग एक दिवस तडक पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी शांतपणे विचारलं, "ताई, कधीची घटना? तारीख सांगा." मी म्हटलं, "अहो, रोजच." ते म्हणाले, "'रोजच' असं डायरीत कसं लिहू?"

राग आला, पण चूक माझीच होती. या प्रक्रियेत भावना कमी आणि तारखा जास्त लागतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

कायदा काय म्हणतो

मुख्य कायदा आहे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा, १९६० सालचा. त्याच्या कलम ३ प्रमाणे, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्या प्राण्याची नीट काळजी घेण्याचं कर्तव्य आहे. प्रत्यक्ष गुन्हे कलम ११ (१) मध्ये आहेत, आणि शेजारच्या कुत्र्याच्या बाबतीत त्यातली चार उपकलमं पुन्हा पुन्हा लागतात. 'एफ' आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवण्याबद्दल आहे. 'जी' तर खास कुत्र्यासाठीच लिहिलेलं आहे: कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवलं नाही, तर तो गुन्हा. 'एच' म्हणजे पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं. 'आय' म्हणजे उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणं. तक्रारीत ही अक्षरं लिहा. "कुत्र्याला त्रास देतात" एवढंच लिहिलं तर समोरच्याला कुठलं कलम लावायचं ते शोधत बसावं लागतं, आणि तो ते शोधेलच असं नाही.

याशिवाय ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं मान्य केली: भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना-आजारापासून आणि भीतीपासून मुक्तता, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. अर्जात एका ओळीत याचा उल्लेख करायला हरकत नाही.

आता कशाला हाल म्हणायचं नाही, तेही सांगते. कुत्रा भुंकतो म्हणजे त्याचे हाल होतात असं नाही. बारीक दिसतो म्हणजे उपाशी आहे असंही नाही, म्हातारपणी किडनीच्या आजारात कुत्री अशीच खंगतात. वरणभात खाणारं कुत्रंही उपाशी नसतं. मालक कामावर गेल्यावर चार तास घरात एकटं राहणारं कुत्रं ही तक्रारीची गोष्ट नाही. निम्म्या तक्रारी इथेच फुसक्या ठरतात आणि मग खऱ्या तक्रारीकडेही कोणी गांभीर्याने बघत नाही.

तक्रार कोण करू शकतं

कोणीही. तुम्ही त्या सोसायटीचे सभासद असण्याची गरज नाही. भाडेकरू असाल, समोरच्या इमारतीत राहत असाल, तरी चालतं. प्राणिमित्र संस्थेचं ओळखपत्र लागत नाही. पोलिसांत तक्रार द्यायला फी नाही. निनावी तक्रार करता येते, पण तिचं पुढे फारसं काही होत नाही, कारण जबाब कोणाचा घ्यायचा हा प्रश्न उरतो. आपलं नाव शेजाऱ्याला कळेल याची तयारी ठेवूनच या रस्त्याला लागा.

आधी दार वाजवा

हे सांगितलं की लोक नाराज होतात, पण बहुतेक घरांमागे दुष्टपणा नसतो. मुलाने हौसेने पिल्लू आणलेलं असतं, मुलगा नोकरीला बंगळुरूला गेलेला असतो आणि चाळीस किलोचं जनावर गुडघेदुखीच्या आजींच्या गळ्यात पडलेलं असतं. "काकू, पाणी संपलेलं दिसलं, मी भरून ठेवू का? संध्याकाळी खाली फिरवून आणू?" एवढ्याने सुटलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. आणि बोलून झाल्यावर तेच सौम्य शब्दांत व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. मैत्रीही राहते आणि तारीखवार नोंदही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र द्यायचं असेल तर एक पथ्य पाळा. समिती मालकाला समज देऊ शकते, कुत्रा हटवू शकत नाही. सोसायटीला ठराव करून पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. तुमच्या पत्राचा आधार घेऊन कोणी 'कुत्री नकोतच' अशी मोहीम उघडली, तर ज्याच्यासाठी धडपडलात त्याचंच नुकसान.

कागद कोणते जमवायचे

सगळ्यात महत्त्वाची एक साधी वही. रोज दोन ओळी: तारीख, वेळ, काय दिसलं. "१२ एप्रिल, दुपारी २.२०, बाल्कनीत ऊन, भांडं कोरडं, साखळी अंदाजे दोन फूट. सायंकाळी ७.१०, स्थिती तीच." अशा दहा-बारा नोंदी झाल्या की चित्र उभं राहतं. "निर्दयी", "राक्षस" असे शब्द वहीत नकोत.

फोटो आणि व्हिडिओ आपल्या खिडकीतून, जिन्यातून किंवा रस्त्यावरून काढा. माणसांवर, त्यांच्या खोल्यांवर कॅमेरा रोखू नका, कुत्रा, साखळी आणि भांडं एवढंच पुरे. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फाइलमधून फोटो कधी काढला याची माहिती निघून जाते. प्रकरण कोर्टात गेलंच, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील तयार करून देतात.

याखेरीज तुमचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, शेजाऱ्याचं नाव (माहीत नसेल तर फ्लॅट क्रमांक), कुत्र्याचं वर्णन, आणि जमल्यास आणखी एका शेजाऱ्याचं सहीनिशी दोन ओळींचं निवेदन. पशुवैद्याचं मत मिळालं तर उत्तम. कुत्र्याला न तपासता पशुवैद्य दाखला देणार नाहीत, पण फोटो पाहून "तपासणी आवश्यक वाटते" इतकं लेखी द्यायला काही जण तयार होतात.

तीन महिन्यांची अट

या कायद्याच्या कलम ३६ नुसार गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला दाखल करता येत नाही. "मागच्या उन्हाळ्यात किती हाल केले हो" हे खरं असलं तरी कायद्याच्या दृष्टीने ते गेलं. वहीतल्या ताज्या तारखा म्हणूनच लागतात.

पोलीस ठाण्यात नेमकं काय होतं

इथेच लोकांचा धीर सुटतो. अंमलदार म्हणतात, "हा अदखलपात्र गुन्हा आहे, फक्त एनसी होईल." एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. ते टाळत आहेत असं आपल्याला वाटतं. पण कलम ३१ प्रमाणे या कायद्यातले मोजकेच गुन्हे दखलपात्र आहेत आणि वर सांगितलेली चार उपकलमं त्यात येत नाहीत. त्यामुळे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे पोलीस एनसी नोंदवतात आणि तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात. न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही.

म्हणून वाद घालू नका. एनसी नोंदवून घ्या, क्रमांक आणि प्रत मागा. आणि मग शांतपणे कलम ३४ दाखवा. त्या कलमाप्रमाणे शिपायापेक्षा वरच्या हुद्द्याच्या पोलीस अधिकाऱ्याला, गुन्हा घडतो आहे असं मानायला कारण असेल आणि परिस्थिती तशी असेल, तर प्राणी ताब्यात घेऊन जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करता येतो. अर्जात मागणी हीच लिहा: "कलम ३४ अन्वये पशुवैद्यकीय तपासणी करावी." शिक्षेची मागणी पहिल्याच ओळीत लिहिली की सगळं अडतं. तपासणी मागितली की निदान बीट अंमलदार, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस, एक चक्कर टाकतो, आणि पुष्कळदा त्या एका चकरेनंतर साखळी लांब होते.

चित्र पूर्ण बदलतं ते इजा झाली असेल तेव्हा. कुत्र्याला मारून टाकणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली दखलपात्र गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. इथे एनसीवर समाधान मानायचं नाही, एफआयआरच मागायचा. मारहाण असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११९ सुद्धा लावायला सांगा.

मालक कुलूप लावून गावी गेलाय आणि आतून कुत्र्याचं केकाटणं येतंय, अशा वेळी अर्ज लिहीत बसू नका. ११२ ला फोन करा, सेक्रेटरींना मालकाला फोन लावायला सांगा. दार उघडायचं ते पोलीस आणि अग्निशमन दलाने, पंचांसमोर. आपण नाही.

पोलिसांखेरीज

अर्जाची एक प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीला द्या. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, त्यामुळे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर देता येतो किंवा जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात.

शहरात दुसरी प्रत महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला. मुंबई-पुण्यात कुत्रा पाळायला परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. हाल करणाऱ्या घरात परवाना बहुधा नसतोच, आणि ही चौकशी पालिकेला स्वतःहून करता येते. फ्लॅटमध्ये पिल्लं काढून विकली जात असतील तर २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी आहे का, हेही विचारा.

शिक्षा किती, आणि मग एवढा खटाटोप कशाला

पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हो, रुपये, हजार नाही. १९६० साली त्याला वजन होतं, आज त्यात वडापाव येतो. तीन वर्षांत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

खरी धार दुसरीकडे आहे. जप्त केलेलं जनावर न्यायालयाच्या आदेशाने पांजरपोळात किंवा संस्थेकडे ठेवलं, तर २०१७ च्या मुद्देमाल प्राण्यांच्या नियमांप्रमाणे त्याच्या खाण्याचा, औषधांचा खर्च मालकाकडून घेता येतो. दोषी ठरल्यावर कलम २९ खाली न्यायालय कुत्र्याची मालकी काढून घेऊ शकतं आणि त्या माणसाला पुढे प्राणी पाळायलाही मनाई करू शकतं. त्यासाठी कुत्रा परत दिला तर पुन्हा हाल होतील हे पुराव्याने दाखवावं लागतं. पुन्हा तीच वही.

त्या लॅब्रेडॉरचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही. दुसऱ्यांदा मी अकरा तारखा घेऊन गेले, एनसी झाली, बीट अंमलदार जाऊन आले, आणि आठवड्याभरात मालकाने तो सासवडजवळ मेहुण्याकडे द्यायची तयारी दाखवली. "शेतावर पाठवला" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, त्यामुळे तोंडी ठेवलं नाही. मालकाच्या सहीचं हस्तांतरणाचं पत्र, लसीचं कार्ड आणि महिन्याने एक फोटो, एवढं मागितलं. फोटो आला. पडवीत आडवा पसरला होता, मान जमिनीवर टेकवून.

काय करू नये

कुत्रा परस्पर सोडवून आणू नका. कायद्याच्या लेखी तो मालकाची वस्तू आहे, त्यामुळे चोरीचा आणि घरात शिरल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल. शेजाऱ्याचा फोटो, फ्लॅट क्रमांक फेसबुकवर टाकू नका. बाल्कनीत पोळ्या फेकू नका, उद्या त्याला काही झालं तर विषाचा संशय तुमच्यावर येईल.

अर्जाचा नमुना

प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक, (पोलीस ठाणे).
विषय: फ्लॅट क्र. __ येथील पाळीव कुत्र्याची पशुवैद्यकीय तपासणी होण्याबाबत.
महोदय, मी वरील पत्त्यासमोर राहते. सदर फ्लॅटच्या बाल्कनीत पिवळसर रंगाचा लॅब्रेडॉर कुत्रा दि. __ पासून दि. __ पर्यंत मी पाहिलेल्या प्रत्येक वेळी सुमारे दोन फूट साखळीने बांधलेला होता. सोबतच्या नोंदीतील तारखांना दुपारी उन्हात पाणी व सावली नव्हती. दि. __ रोजी मालकांशी बोलले, फरक पडला नाही. हे कृत्य १९६० च्या कायद्याच्या कलम ११ (१) एफ, जी व एच खाली येते. कृपया नोंद घेऊन कलम ३४ अन्वये तपासणी करावी. सोबत: नोंदींची प्रत, फोटो, ओळखपत्र. प्रत: जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती, महापालिका पशुवैद्यकीय विभाग.

अर्ज दोन प्रतींत न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.