घड्याळ नव्हे, गाव चुकलंय

"मेलवर वेळ चुकीची येते," असं कोणी म्हणालं की पुढचं वाक्य मला पाठ असतं: "आणि घड्याळ तर मी कालच नीट केलं होतं." अहो, तिथेच घोळ झालेला असतो. फोंडा-मडगाव पट्ट्यात छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळताना मला याचा अक्षरशः वीट आलाय. कॉम्प्युटरचं घड्याळ वेगळं आणि त्याचा टाइमझोन, म्हणजे कुठल्या भागाची वेळ दाखवायची ती सेटिंग, वेगळा. एकाचं दुखणं दुसऱ्याला औषध पाजून बरं होत नाही, उलट बळावतं.

घड्याळाचं बहुतेकांना ठाऊक असतं. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, बहुधा सीआर२०३२, संपली की मशीन बंद असताना वेळ विसरतं आणि सुरू होताना कुठलं तरी जुनं साल दाखवतं. बॅटरी बदला, विषय संपला. मेलवर १ जानेवारी १९७० दिसलं, तर तीही कोणी लिहिलेली तारीख नसते. बऱ्याच संगणकांची काळाची मोजणी जागतिक वेळेच्या (यूटीसी) त्या मध्यरात्रीपासून सुरू होते. तारीख सापडली नाही की ते शून्य धरतात, आणि आपल्याकडे तो शून्य पहाटे साडेपाचला पडतो. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. मेल पाठवणार कोण?

टाइमझोनचं मात्र पंचांगासारखं आहे. पंचांगात सूर्योदय मुंबईचा दिलेला असेल आणि तुम्ही तो गोव्यातल्या म्हार्दोळला बसून वाचलात, तर काही मिनिटं इकडेतिकडे होणारच. छपाई चुकलेली नसते, गाव चुकलेलं असतं. म्हणून कोणी पंचांगावर पेनने खाडाखोड करत नाही. कॉम्प्युटरवर मात्र शहाणीसुरती माणसं नेमकी तीच करतात.

आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममधून मेल पाठवताना तुमचंच मशीन त्यावर 'डेट' नावाची ओळ लिहितं. त्या ओळीत दोन गोष्टी असतात: मशीनवरची वेळ, आणि ते मशीन जागतिक वेळेच्या किती पुढे किंवा मागे आहे तो फरक. गोव्यातून सकाळी दहाला नीट गेलेल्या मेलवर '१०:०० +०५३०' असतं. वाचणाऱ्याचं मशीन त्यातून साडेपाच तास वजा करतं, स्वतःचा फरक मिळवतं आणि आकडा दाखवतं. दुबईत साडेआठ, कुवेतला साडेसात. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या नातेवाइकांना हिवाळ्यात पहाटे साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच, कारण ते वर्षातून दोनदा काटे हलवतात, आपण नाही.

आता विंडोज नव्याने टाकलं आणि अमेरिकी सेटिंग तसंच राहिलं, तर झोन बहुधा पॅसिफिकचा, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा असतो. जानेवारीत सकाळी दहाला तुम्ही मशीन उघडता, तर त्यावर आदल्या रात्रीचे साडेआठ. तुम्ही काटे ओढून दहा वाजवता. पडद्यावर दहा, भिंतीवर दहा, सगळे खूश. पण मेलवर जातं '१०:०० −०८००', म्हणजे 'कॅलिफोर्नियात दहा वाजलेत'. पणजीत वाचणाऱ्याला तो मेल त्याच रात्री साडेअकराचा दिसतो. काटे ओढण्याआधी पडदा चुकत होता, पण मेल बरोबर जात होता. तुम्ही पडदा सुधारलात आणि मेल बिघडवलात!

ओळखीच्या एका पुरवठादाराचं कोटेशन असंच अडलं. मुदत संध्याकाळी पाचची, पाठवलं सकाळी दहाला, आणि समोरच्या ऑफिसात प्रिंटवर रात्रीचे साडेअकरा. मेल उशिरा आला म्हणून बाजूला ठेवला. सकाळी हातात असलेला मेल रात्रीचा कसा, हे कोणी विचारलंच नाही. शेवटी मेलची मूळ प्रत काढली. मेल पुढे पोचवणारा वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली 'रिसीव्ह्ड' ओळ सगळ्यात वर चिकटवत जातो. त्यामुळे सर्वांत वरची ओळ घेणाऱ्याच्या सर्व्हरची असते. पाठवणाऱ्याच्या घड्याळाचं तिथे काही चालत नाही. वेळेवरून भांडायचं तर ती ओळ दाखवा, जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' दाबलं की दिसते. कृपा करून इनबॉक्सचा स्क्रीनशॉट पाठवू नका.

"पण वेळ तर इंटरनेटवरून आपोआप येते ना?" येते, पण फक्त जागतिक वेळ येते. तुम्ही कुठे बसलाय ते वेळ देणाऱ्या सर्व्हरला माहीत नसतं. म्हणूनच काल ओढलेले काटे आज परत साडेतेरा तास मागे जातात आणि लोक व्हायरसला शिव्या घालतात.

मी आधी चूक किती तासांची आहे ते बघतो. साडेपाच, साडेबारा, साडेतेरा किंवा नेमका एक असा सुटसुटीत फरक असला, तर झोनवर संशय घ्या. सात मिनिटं किंवा तीन वर्षं असला, तर घड्याळावर. एकाच माणसाचे मेल सरकलेले दिसत असतील तर त्याचं मशीन बघा, सगळ्यांचेच सरकले असतील तर तुमचं. जहाजावरच्या तारवटी (खलाशी) मामांच्या मेलवर मात्र दर आठवड्याला वेगळा फरक असेल. तो बरोबर आहे, त्यांना छळू नका.

मेलमध्ये वेळ लिहून 'आयएसटी' (भारतीय प्रमाणवेळ) जोडायची सवयही मला आवडत नाही. आयर्लंड आणि इस्रायलही तीच अक्षरं वापरतात. ईमेल कसा लिहायचा ते ठरवणाऱ्या १९८२ च्या आरएफसी ८२२ मानकात अमेरिकी झोनची अक्षरं होती, आपली नव्हती. सरळ +०५३० लिहा.

दुरुस्ती करताना क्रम पाळा: आधी झोन, मग वेळ. विंडोजच्या यादीत 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' असं लिहिलेली ओळ निवडा. पणजी शोधत बसू नका, ती नाही. मग वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करा आणि काट्यांना हात लावू नका. तुमच्या झोनमुळे सरकलेले आलेले मेल लगेच जागेवर येतील. चुकीच्या झोनमधून तुम्ही पाठवलेले मात्र समोरच्याकडे तसेच राहतील, त्यांची 'डेट' ओळ केव्हाच लिहून झालेली आहे.