हँडलची झिणझिण: टोकाला वजन की बुडाशी रबर?

मोटारसायकलवर लांब पल्ल्याच्या प्रवासात तासाभराने बोटांना मुंग्या यायला लागल्या, की उपाय म्हणून दोन वस्तू हमखास सुचवल्या जातात: हँडलच्या टोकांना बसणारी जड बार-एंड वजनं आणि हँडल मध्यभागी आवळून धरणाऱ्या पकडीखाली, म्हणजे क्लॅम्पखाली, बसणारे रबरी बुश. व्हायब्रेशन कमी होण्यासाठी म्हणूनच दोन्ही घेतल्या जातात, त्यामुळे यातलं कोणतंही एक चालेल असा समज होतो. प्रत्यक्षात दोघांची कामं वेगळी आहेत. वजन हँडलच्या स्वतःच्या लवण्याला आवर घालतं. रबर गाडीतून हँडलकडे येणारी थरथर वाटेतच अडवतं. आपला त्रास यातला कोणता, हे न पाहता बसवलेली वस्तू सहसा निराश करते. मग 'या गाडीचं व्हायब्रेशन जातच नाही' असं म्हणत माणूस बधिर हातांनी गाडी चालवत राहतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा इलाज असतो आणि तो अवघडही नसतो.

आधी थरथर येते कुठून ते पाहू. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होताना क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला एक हेलकावा बसतो. म्हणजे ६,००० आरपीएमला (मिनिटाला ६,००० फेऱ्यांना) सेकंदाला १०० वेळा, १०० हर्ट्झ. क्रँकच्याच वेगाने उलट दिशेला फिरणारा, मुद्दाम एका बाजूला जड ठेवलेला बॅलन्सर शाफ्ट यातला मोठा भाग खोडून काढतो. चार सिलिंडर एका रांगेत असले की हे मोठे हेलकावे आपसातच फिटतात. पण पिस्टनची गती फेऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्यात सारखी नसते, आणि त्या फरकातून येणारे बारीक हिसके चारही सिलिंडरचे एकाच वेळी, एकाच दिशेला पडतात. तेही दुप्पट वेगाने: ६,००० आरपीएमला २०० हर्ट्झ. तळहाताच्या कातडीखालची पॅसिनियन नावाची संवेदी टोकं साधारण २५० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तल्लख असतात. म्हणून एरवी अगदी 'स्मूद' वाटणारी गाडीसुद्धा हातांना झिणझिण्या आणते, आणि एका सिलिंडरची धडधड डोळ्यांना जास्त दिसूनही कधीकधी हातांना तेवढी बोचत नाही.

आता वजनाकडे येऊ. फूटपट्टीचं एक टोक टेबलावर दाबून धरा आणि बाहेर आलेल्या टोकाला टिचकी मारा. पट्टी एका ठरावीक वेगानेच थरथरते. त्या टोकाला खोडरबर चिकटवून पुन्हा टिचकी मारली की थरथर मंदावते. हँडलचंही असंच आहे: मध्ये क्लॅम्पने घट्ट धरलेलं, दोन्ही बाजूंना मोकळं. त्याचीही थरथरण्याची स्वतःची एक ठरावीक गती, म्हणजे वारंवारिता, असते. इंजिनाचे हेलकावे नेमके त्या वारंवारितेला येऊन पोहोचले की क्लॅम्पपाशी जेमतेम जाणवणारी थरथर टोकाला कितीतरी पटीने मोठी होते. यालाच अनुनाद म्हणतात. एका विशिष्ट आरपीएमला आरशातलं चित्र पूर्ण पुसट होतं आणि जरा रेस वाढवली की पुन्हा स्वच्छ दिसतं, तेही याच कारणाने. तिथे अनुनाद आरशाच्या दांडीचा असतो.

टोकाला वजन वाढवलं की ही वारंवारिता खाली उतरते. किती, याचा हिशेब सोपा आहे: वजन जितक्या पट, त्याच्या वर्गमुळाने भागायचं. समजा टोकापाशी परिणामकारक वजन ४०० ग्रॅम आहे आणि हँडल ५,००० आरपीएमला झिणझिणतं. त्यात २०० ग्रॅम घातले, म्हणजे वजन दीडपट झालं. आता तीच झिणझिण साधारण ४,०८० आरपीएमला येईल. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण वजन लावून फसणारे इथेच फसतात. वजनाने अनुनाद मरत नाही, त्याची जागा बदलते. तुम्ही तासन्‌तास ५,०००ला जात असाल तर आराम पडेल. ४,०००ला जात असाल तर चांगलं हँडल बिघडवून घ्याल. अर्थात अनुनाद खाली ढकलल्यावर त्याच्या वरच्या सगळ्या पट्ट्यात हँडल पूर्वीपेक्षा शांत राहतं, म्हणून शक्य तेवढं खाली, जिथून गाडी नुसती पुढे निघून जाते अशा आरपीएमला तो नेऊन ठेवणं हेच उद्दिष्ट असावं.

वजन अगदी टोकालाच हवं. क्लॅम्पजवळ हँडल फारसं हलतच नाही, तिथे किलोभर लोखंड बांधूनही या दुखण्यात फरक पडत नाही. धातूही महत्त्वाचा. घनसेंटिमीटरला पोलादाचं वजन सुमारे ७.८५ ग्रॅम, पितळेचं साडेआठच्या आसपास, शिशाचं ११.३, टंगस्टनचं १९.३, आणि ॲल्युमिनियमचं फक्त २.७. कंपनीची काळी, कंटाळवाणी दिसणारी पोलादी वजनं काढून रंगीत ॲल्युमिनियमची चकचकीत टोकं बसवली की हात बधिर व्हायला लागतात, ते यामुळेच: आकार तोच, वजन एक तृतीयांश. बार-एंड आरसे बसवताना मूळ वजन काढून टाकावं लागलं तरी हेच होतं. नवीन काही विकत घेण्याआधी जुनं काय काढलं होतं ते आठवून पाहा.

रबराचं गणित वेगळ्या टोकाने चालतं. हँडल आणि गाडी यांच्यामध्ये मऊ थर आला की रबरावरच्या अख्ख्या हँडलची एक नवी, बरीच खालची वारंवारिता तयार होते. येणारी थरथर तिच्या १.४१ पटीच्या वर गेली की रबर ती अडवायला लागतं. त्याच्या खाली रबर उलट ती वाढवतं. समजा ही वारंवारिता ३० हर्ट्झ आहे. एका सिलिंडरच्या गाडीत ३० हर्ट्झ म्हणजे १,८०० आरपीएम, आणि फायदा सुरू होणार साधारण २,५५०च्या पुढे. ६,०००ला मात्र मूळ थरथरीचा जेमतेम दहावा भाग पलीकडे पोहोचेल; रबराच्या आतल्या घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त. रबरावर बसवलेलं हँडल आयडलिंगला डोळ्यांना दिसेल इतकं डुगडुगतं आणि गाडी पळायला लागली की शांत होतं, त्याचं कारण हेच. डुगडुगणं पाहून बुश बाद झाले असं समजू नये.

याची किंमत मोजावी लागते ती हाताला मिळणाऱ्या भरवशात. रबर थरथर अडवतं तसा पुढच्या चाकाचा अंदाजही थोडा अडवतं. जोरात ब्रेक दाबताना किंवा खडबडीत वळणावर हँडल किंचित लवतं. काही चालकांना हे मुळीच आवडत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. वजनाचा तोटा याहून सौम्य आहे: स्टिअरिंग जरासं जड, संथ होतं, आणि काही दिवसांत त्याची सवय होते.

हीच ओढाताण मोठ्या प्रमाणावर गाड्यांच्या इतिहासातही दिसते. १९६७ मध्ये आलेल्या नॉर्टन कमांडोत इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म एकत्र जोडून तो सगळा संच रबरावर ठेवला होता. आयसोलॅस्टिक म्हणतात ती रचना हीच. जोड-सिलिंडरची थरथर चालकापासून तुटली, पण बाजूची ढिल शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून नेमकी राखावी लागे, नाहीतर गाडी वळणावर सैल वागे. हार्ले-डेव्हिडसनने १९९९ साठीचं ट्विन कॅम ८८ इंजिन रबरी माउंटवर दिलं. पुढच्याच वर्षी सॉफ्टेल नावाच्या त्यांच्या गाड्यांसाठी त्याचाच ८८बी अवतार आला. त्यात दोन बॅलन्सर शाफ्ट होते आणि इंजिन फ्रेमला थेट बोल्टने आवळलेलं होतं. इंजिनाचं मूळ कूळ एकच, पण एकीकडे वाट अडवली आणि दुसरीकडे उगमच शांत केला.

मग आपल्या गाडीचं निदान कसं करायचं? मोकळ्या हवेत गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये घ्या. दुसऱ्या कुणाला हळूहळू रेस वाढवायला सांगा आणि तुम्ही डाव्या ग्रिपच्या अगदी टोकाला एक बोट हलकंच टेकवा. दाबू नका, हाताच्या वजनानेच थरथर दबते. ज्या आरपीएमला टोक सर्वांत जास्त झिणझिणतं तिथे रेस काही सेकंद स्थिर ठेवायला सांगून तेच बोट क्लॅम्पवर न्या. क्लॅम्प जवळपास शांत आणि टोक मात्र वेडंपिसं झालेलं, शिवाय आरपीएम पाचशेने सरकवले की टोकही निवळतं, तर त्रास हँडलच्या स्वतःच्या अनुनादाचा आहे. वजन लावा. टोक आणि क्लॅम्प सारखेच थरथरत असतील, टाकी आणि फूटरेस्टही त्यात सामील असतील, आणि रेस वाढेल तशी थरथर नुसती वाढतच जात असेल, तर अख्खी गाडीच हलते आहे. तिथे टोकाचे दोन-चारशे ग्रॅम काय करणार? रबर लागेल, पण त्याही आधी इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट तपासा. एखादा ढिला किंवा तुटका बोल्ट आणि कडक होऊन गेलेलं इंजिन-माउंटचं रबर यांच्यावर बुश घालणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं आहे.

चालत्या गाडीत आणखी एक खातरजमा करा. वेग तोच ठेवून गिअर बदला. थरथर आरपीएमबरोबर बदलली तर ती इंजिनाची. वेगालाच चिकटून राहिली तर टायर, चाकाचं बॅलन्सिंग, वाकडी रिम, घासलेला कोनसेट (हँडल वळतं तिथलं बेअरिंग) यांच्याकडे बघा. इथे वजन आणि रबर दोन्ही कामाचे नाहीत.

या दोन्हींच्या मधली एक वस्तूही आहे: हँडलच्या नळीत रबरावर तरंगत बसवलेलं वजन. ते हँडलच्या विरुद्ध तालात हलतं आणि त्याची ऊर्जा स्वतःकडे ओढून घेतं. या तत्त्वाच्या पेटंटसाठी हर्मन फ्राम यांनी १९०९ मध्येच अर्ज केला होता. ते अरुंद पट्ट्यात फार सुंदर काम करतं आणि त्या पट्ट्याबाहेर नुसतं वजन म्हणून उरतं. पुष्कळ गाड्यांत कंपनीचं वजन आत अशा रबरावरच असतं, म्हणून ते उपसून काढण्याआधी दोनदा विचार करा. जेल ग्रिप आणि जाड हातमोज्यांबद्दल एवढंच सांगतो, की पातळ थर बारीक झिणझिण थोडी मारतो, धडधडीला काही करत नाही, आणि ग्रिप जाड झाली की मूठ जास्त आवळावी लागते. घट्ट मूठ जास्त थरथर आत घेते.

मुठीवरून आठवलं, सगळं बधिरपण कंपनाचं नसतं. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन अल्नर नस दाबली जात असते. अंगठा आणि त्याच्या बाजूची बोटं बधिर होत असतील तर मनगट वाकडं राहतंय का पाहा. लिव्हरचा कोन बदलून बराच फरक पडतो. मात्र दुर्लक्ष करू नका. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार कामगाराच्या हाताला आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं कंपन मिळालं, की मालकाला उपाय योजावेच लागतात. गाडी थांबवल्यावरही बधिरपणा रेंगाळत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

बसवतानाच्या दोन गोष्टी सांगतो. रबरी बुशमध्ये धातूची आतली नळी असते, ती रबर किती दबायचं ते ठरवते. ती विसरून किंवा चुकीचा वॉशर टाकून बोल्ट आवळला तर रबर चिरडतं आणि बुश असून नसल्यासारखा होतो. बुशमुळे हँडल वर उचललं गेलं असेल तर केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, तेही बघा. बार-एंड लावताना उजवीकडे वजन आणि रेसची ग्रिप यांच्यात एक-दोन मिलिमीटरची फट राहिलीच पाहिजे. मग इंजिन बंद ठेवून हँडल सरळ, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा, आणि तिन्ही वेळा रेस पूर्ण पिळून सोडून द्या. ग्रिप आपोआप, झटक्यात जागेवर यायला हवी. जराही रेंगाळली तर वजन काढा, फट वाढवा, पुन्हा तपासा. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.